फॉल्ट आत की बाहेर

मंगळवार, ४ मार्च २०२५

सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटं. घड्याळ बघून लिहिते आहे, म्हणजे पुढं कुणी "साधारण साडेदहा" असं गुळमुळीत बोलायला नको.

खेळी माझी होती. घोडा उचलला आणि टॅबलेटवरचा पट गेला. त्या जागी पांढरं पान – "ही साइट तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केली आहे."

माझ्या ॲडमिनिस्ट्रेटरने! घर माझं, टॅबलेट माझा, विजेचं बिल माझ्या नावावर. अडुसष्टाव्या वर्षी मला ॲडमिनिस्ट्रेटर कुठून फुटला? हे जाऊन अकरा वर्षं झाली. ते होते तेव्हाही मला कुणी ॲडमिनिस्ट्रेटर नव्हता.

थोड्या वेळानं राजपालचा फोन. "मॅडम, पळालात व्हय? हरायच्या आधीच?"

पळाले! मी!

बुधवार, ५ मार्च

आजही तेच पान. पेपर उघडतो, देवळांचे फोटो उघडतात, पापड लाटायचे व्हिडिओ न मागता उघडतात. बुद्धिबळ तेवढं बंद.

इंटरनेटवाल्यांचा उमरग्यातला माणूस श्रीशैल. त्याला तीन फोन केले. तिसऱ्याला उचलला.

"मावशी, आमच्याकडून सगळं हिरवं दिसतंय."

मी तुझी मावशी नाही. मी उमरगा टेलिफोन एक्स्चेंजची सुपरवायझर होते. तू पाळण्यात होतास तेव्हा या गावातली प्रत्येक तार मला नावानं ओळखायची. "सगळं हिरवं आहे" हे वाक्य मी स्वतः हजारो लोकांना ऐकवलेलं आहे, मला नको ऐकवू. – हे सगळं बोलले. त्यानं मधेच फोन ठेवला नाही, एवढं मान्य करते.

सोलापूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी शिकवलं होतं की तक्रार करायची तर तारीख, वेळ, घटना, मागणी, या क्रमानं लिहावी आणि खाली सही ठळक करावी. पत्र लिहायला घेतलं आहे.

गुरुवार, ६ मार्च

माझा राग लोकांना खेळापायी आलेला वाटेल. वाटू दे. इथं तरी खरं लिहिते.

राजपाल सरवदे माकणीच्या छोट्या एक्स्चेंजला मेकॅनिक होता. रोज साडेदहाला उमरगा–माकणी लाइनची चाचणी व्हायची. तो तिकडून बोलायचा, मी इकडून. "आवाज येतो?" "येतो." "लाइन ओके." आणि मग – एक खेळी. दिवसाला एकच! "उंट तीन घरं, मॅडम." एक डाव दोन-दोन महिने चालायचा. माझ्या टेबलाच्या खणात पट मांडलेला असायचा, खण हळू उघडावा लागायचा. साहेब तपासणीला आले की मी खणाला पाठ लावून उभी.

रिटायर झालो, चाचणी संपली. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको मालनबाई गेली. मी भेटायला गेले नाही, फोन केला. काय बोलावं कळेना, म्हणून म्हटलं, "आवाज येतो?" पलीकडून आलं, "येतो." तेव्हापासून पुन्हा साडेदहा. आता अख्खा डाव, समोर चेहरा दिसतो, दात पडलेला दिसतो.

दिवसातले ते दोन तास मी जिवंत असते. बाकीचा वेळ तब्येत सांभाळते.

शुक्रवार, ७ मार्च

श्रीशैल आला. चहा विचारला नाही. भिंतीवरच्या फायबरच्या डब्याला बोट लावून म्हणाला, "हा आमचा. ह्याच्यात काय बंद केल्यालं न्हाय." मग शेजारच्या पांढऱ्या राउटरकडं मान. "ह्यो आमचा न्हाय. तुमच्या पोरीनं बसवलेला हाय. त्यांनाच इचारा की."

हाकललं. स्वतःचं खापर माझ्या मुलीच्या डोक्यावर! गायत्रीनं दिवाळीला पुण्याहून मुद्दाम आणला तो डबा. गुळगुळीत, ॲन्टेना आत लपवलेल्या. "आई, तुला कशालाच हात लावायला नको, ॲप माझ्या मोबाइलवर आहे, मी तिथून सगळं बघते." कोण करतं एवढं आजकाल?

शनिवार, ८ मार्च

महिला दिन. गायत्रीचे गुलाब आले, मोबाइलवर. फोनवर म्हणाली, "अपडेट आलं असेल, आई. होईल आपोआप. तोवर वाचन कर ना."

वाचन कर!

सोमवार, १० मार्च

ठरलं. या लोकांच्या दयेवर राहायचं नाही. माझा राउटर मी आणणार आणि त्याच्या आतलं डोकंही मी बदलणार.

राजपालनं फोनवर समजावलं. प्रत्येक राउटरच्या आत कंपनीनं भरलेलं सॉफ्टवेअर असतं, फर्मवेअर म्हणतात. डबा आपल्या घरात, पण हुकूम त्या सॉफ्टवेअरचा. हल्ली तर ॲप टाका, खातं उघडा, मोबाइल नंबर द्या, मग तुमच्याच घरातला दिवा लागतो. पण काही मॉडेलांतलं ते काढून तिथं खुलं फर्मवेअर घालता येतं, जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं. त्याला ॲप नाही, खातं नाही. किल्ली एक, ती मालकाकडं.

"काहीच मॉडेलांत का?"

"काही कंपन्या कुलूप घालून इकत्यात, मॅडम. आणि काही डब्यांत जागाच नसती. दोन खोल्यांच्या घरात लगीन काढल्यावानी हुतंय."

त्यानं मॉडेल सांगितलं आणि वर एक अट. पाचव्या व्हर्जनपर्यंतच घ्यायचं. सहाव्यापासून कंपनीनं आतली जागा निम्मी केली. नाव तेच, खोकं तेच, फोटो तोच! ही सरळ लबाडी आहे. व्हर्जन खोक्याच्या बुडाला बारीक अक्षरांत असतं, ते बघितल्याशिवाय घेऊ नका म्हणाला.

जणू मी न बघता घेणाऱ्यातली आहे.

बुधवार, १२ मार्च

चन्नबसप्पाचं दुकान, बसस्टँडसमोर. मॉडेल मिळालं! खोकं उलटं केलं. व्हर्जनच्या आकड्यावर बरोबर विभूतीची तीन बोटं ओढलेली.

"हे काय?"

"नवा माल आला की वडतो, अक्का. तुमाला म्या काय सांगावं!"

सांगू नको. आमच्याही घरी वजनकाट्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्याला ओढतात. पण पुढच्या बाजूला! बुडाला कोण विभूती लावतं?

"फुडून सेलोफेन हाय, बसत न्हाय."

नखानं खरवडायला लागले. तो गल्ल्यावरून उठला. "अक्का, अक्का! विभूती पुसता व्हय! बोहनीच्या टायमाला!"

"आकडा बघते आहे. देवाला चालतं, तुला चालत नाही?"

आकडा निघाला, सहा. दुसरं खोकं खरवडलं, सहा. तिसरंही. दुकानातली दोन गिऱ्हाइकं खरेदी सोडून माझ्याकडं बघत होती. एक बाई कानडीत दुसरीला म्हणाली की म्हातारीचं डोकं फिरलंय. मी तिला कानडीतच विचारलं की तुझं कधी फिरणार आहे. 

मग चन्नबसप्पाला म्हटलं, जुना माल काढ. त्यानं ऐकलंच नाही असं केलं. पुन्हा म्हटलं. "अक्का, नवा सोडून जुना मागनारं गिऱ्हाईक म्या पैल्यांदा बघतोय. नाव खराब हुईल माझं. म्हनतील, चन्नबसप्पानं अक्काच्या गळ्यात पडीक माल बांधला." शेवटी माळ्यावर चढला. धुळीनं माखलेलं एक खोकं, कडेला उंदरानं कुरतडलेलं. विभूती नाही, म्हणजे देवानंही सोडून दिलेलं.

व्हर्जन पाच!

त्यानं बिलावर हातानं लिहून घेतलं – "गिऱ्हाईकाने स्वखुशीने जुना माल घेतला." सही केली. ठळक.

बुधवार, १९ मार्च

खोकं कपाटावर पडून आहे. कारण श्रीशैलच्या कंपनीचं लॉगिन आणि पासवर्ड मिळाल्याशिवाय माझा राउटर लाइन उचलणार नाही, आणि फायबरच्या डब्यात एक सेटिंगही त्यांनाच बदलावं लागतं. श्रीशैल म्हणतो, "वर इचारावं लागंल." वर म्हणजे कुठं? विचारलं. त्यालाही माहीत नाही.

लेखी पत्र दिलं. तारीख, वेळ, घटना, मागणी. पोच घेतली. आठ दिवस लागतील म्हणाला.

महानंदा शेजारीण कुंपणावरून, "हल्ली सकाळी आवाज न्हाय तुमच्या घरातनं. बरं हाय ना?" हिला माझ्या आवाजाचा हिशेब कुणी सांगितला?

शुक्रवार, २१ मार्च

हे लिहायला हात उठत नाही. पण लिहिणार.

एक्स्चेंजमध्ये आमचा पहिला नियम होता. तक्रार आली की अंदाज बांधायचा नाही. ग्राहकाची तार मधोमध, आमच्या तारा जोडायच्या फळीवर, सोडवायची आणि दोन्ही बाजूंनी तपासायची. फॉल्ट आत की बाहेर? मगच माणूस पाठवायचा. तीस वर्षं ग्राहक आम्हाला शिव्या घालत. एक्स्चेंज बोगस, एक्स्चेंज चोर! आणि दहातले सात फॉल्ट निघत ते त्यांच्याच घरात. कुणी तारेवर कपाट ठेवलेलं, कुणाच्या नातवानं रिसीव्हर नीट ठेवलेला नाही. मी कसली हसायचे त्या लोकांना!

सतरा दिवस मी तेच केलं. न तपासता बाहेरच्यावर फॉल्ट टाकला.

आज श्रीशैल पासवर्डाची चिठ्ठी घेऊन आला. (वर विचारून! आठ दिवस मागितले होते, दोनच लागले.) मी म्हटलं, थांब. पांढऱ्या डब्याची वायर काढली. श्रीशैलचा लॅपटॉप थेट त्यांच्या डब्याला लावला, त्यानं चिठ्ठीवरचं लॉगिन टाकून दिलं.

बुद्धिबळ उघडलं.

पांढरा डबा परत मधे घेतला. ॲडमिनिस्ट्रेटर.

श्रीशैलनं वायर गुंडाळून ठेवली. त्यानं मला सुनवायला हवं होतं, त्याचा हक्क होता. मी त्याला चहा दिला. "जास्त साखर घालू?" म्हटलं. तो म्हणाला, "घाला की, मावशी." मी दुरुस्त केलं नाही.

मग गायत्रीला फोन. एकच वाक्य विचारलं. ती म्हणाली, "आई, आवाज तुटतोय." लाइन ओके होती.

"पाडव्याला येतेच आहे, आई. समोर बोलू."

रविवार, ३० मार्च. पाडवा

समोर बोललो.

जावई अमरनाथ गुढी उतरवेपर्यंत थांबला आणि "पान घेऊन येतो" म्हणून निघून गेला. शहाणा आहे. तो पान खात नाही.

गायत्री म्हणाली, "पॅरेंटल कंट्रोल म्हणतात त्याला, आई. सगळेच लावतात."

"आईबापांनी पोरांना लावायचं असतं ते."

"एकट्या बायकांना फसवतात गं. रोज वाचतेस ना पेपरात? मला तिथं झोप लागत नाही."

ती खोटं बोलत नव्हती. तेच जास्त लागलं. म्हटलं, कोण फसवतंय मला? तेव्हा खरं बाहेर आलं. महानंदानं तिला फोन केला होता. तक्रार काय? – की आईच्या घरातून रोज सकाळी हसण्याचा आवाज येतो. मोठ्यानं. विधवा बाई, दार लावून, हसते!

म्हणून गायत्रीनं ॲपमध्ये बघितलं. रोज दोन तास, साडेदहा ते साडेबारा, बुद्धिबळाची साइट; तिथं जाऊन समोरच्याचं नावही तिनं काढलं. मी काय बघते, किती वेळ बघते, सगळं दिवाळीपासून तिच्या मोबाइलवर ओळीनं.

"तो माणूस कोण आहे माहीत आहे ना तुला?"

"बत्तीस वर्षं माहीत आहे."

"निदान आपल्यातला तरी असता!"

गळ्यात लिंग, जातपात नको म्हणणारी वचनं तोंडपाठ. लहानपणी स्पर्धेत बक्षीस घेतलेली पोर. मी तिला बरंच बोलले. इथं लिहीत नाही, माझ्या लक्षात राहील.

तिनं पांढरा डबा सोबत नेला नाही. मी वायर काढून कपाटात टाकला, जुन्या स्वेटरांखाली.

सोमवार, ३१ मार्च

पहिल्याच दिवशी इथं लिहिलं की मला ॲडमिनिस्ट्रेटर कधी नव्हता. खोटं.

१९९४. आमच्या घरी फोन बसला तेव्हा राजपालच तार ओढायला आला. मे महिना. खांबावरून उतरला आणि पाणी मागितलं. सासूबाईंनी अंगणात त्याच्या ओंजळीत वरून ओतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात सुपरवायझरचं घड्याळ, सकाळीच त्याची खेळी ऐकलेली. काही बोलले नाही. जीभ म्हणे सुरीसारखी! त्या दिवशी भोपळाही चिरला नसता.

गायत्री तेव्हा नऊ वर्षांची. माझ्याच पदराला धरून उभी होती. ती हे कुठून शिकली, असं मी काल तिलाच विचारलं.

मंगळवार, ८ एप्रिल

राजपाल आला. एसटीनं. पिशवीत बारा व्होल्टची बॅटरी!

"ही कशाला?"

"डोकं बदलताना चार मिंटं करंट जाऊ द्यायचा नसतो, मॅडम. गेला की डब्याची वीट हुती. आणि उमरग्याची लाइट काय तुमच्या माझ्या वळखीची न्हाय." एक्स्चेंज कधी लाइटीवर चालवलं नाही, बॅटरीवरच चालवलं. विसरले कशी!

टेबलावर पाण्याचा तांब्या आणि ग्लास ठेवला. तो ग्लासाकडं बघतो आहे, मी त्याच्याकडं. मग मी विचारलं, चौऱ्याण्णव आठवतं?

"आठवतं की. लई रागात व्हतो त्या दिवशी. राग आला की जोड घट्ट बसतो. तुमच्या घरची लाइन नंतर कधी तुटली का?"

नाही. एकदाही नाही.

"मी दारात उभी होते, राजपाल."

"बघितलं व्हतं." पाणी प्याला. "दुसऱ्या दिवशी तुमचा वजीर मारला न्हाय का म्या? मिटलं."

मिटलं नाही. पण त्यानं तसं म्हणायचं ठरवलं होतं, आणि मी ते घेतलं.

फाइल चढवली. दिवे लुकलुकायला लागले. दुसऱ्या मिनिटाला पंखा थांबला, लाइट गेलीच! डबा आपला लुकलुकतोय, बॅटरीवर. आम्ही दोघं हात मांडीवर ठेवून परीक्षेला बसल्यासारखे. तेवढ्यात महानंदा, हातात वाटी. "विरजण हाय का? – अगं बाई, पाहुणे आलेत व्हय!"

"पाहुणे नाहीत. फॉल्ट काढायला आलेत. बस, तुझाही काढतील."

बसली नाही.

दिवे स्थिर झाले. साधं, करडं पान उघडलं. कुणाचं नाव नाही, कुणाचा फोटो नाही. नवीन पासवर्ड टाका.

तर हा माणूस खुर्चीवरून उठला, आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. कॅलेंडर वाचत. मला म्हणावं लागलं नाही. मी पासवर्ड टाकेपर्यंत, पुन्हा टाकेपर्यंत, तो तसाच उभा. एप्रिल महिन्यात वाचण्यासारखं काय असतं एवढं?

मी जरा वेळ मुद्दाम लावला.

बुधवार, ९ एप्रिल

गायत्रीचा फोन. "आई, आज ॲप उघडलं तर डबा ऑफलाइन दाखवतोय."

"कपाटात आहे. त्याची काळजी घेते आहे."

शनिवार, १२ एप्रिल

तीन डाव. तिन्ही हरले. दार उघडं ठेवून हसले.

मंगळवार, १५ एप्रिल

राजपालला एक प्रश्न विचारला. तीन दिवसांची मुदत मागितली माणसानं! पोरीशी बोलून सांगतो म्हणे. त्याची पोर संघप्रिया, लोहाऱ्याला शिक्षिका आहे.

शुक्रवार, १८ एप्रिल

उत्तर आलं. संघप्रियानं त्याला विचारलं म्हणे, "बाबा, एवढे दिवस काय करत होता?"

सोमवार, ५ मे २०२५

गायत्रीला आज पाठवलेल्या पत्राची प्रत.

"चि. गायत्रीस,

आज सकाळी सव्वाअकरा वाजता धाराशिवच्या विवाह अधिकाऱ्यांकडं मी आणि राजपाल सरवदे यांनी विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. नोटीस तीस दिवस फलकावर राहील. हरकत घेण्याची कारणं कायद्यात चारच आहेत – आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, जवळचं नातं असणं, डोकं ठिकाणावर नसणं. पहिल्या तिन्हींत काही मिळणार नाही. चौथं वापरून बघ.

साक्षीदार तीन लागतात. दोन मिळाले आहेत. तिसरी जागा मी कुणाला दिलेली नाही.

हरकत किंवा होकार, जे असेल ते लेखी कळव. बुधवार, ४ जून, सायंकाळी पाचच्या आत. फोनवर घेतलं जाणार नाही.

– आई"